‘लूट’ लिहिण्यापूर्वी बिल वाचावे

प्रश्न : आदरणीय महोदय, मी इंदूरमध्ये पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. या सत्रात आम्हा प्रत्येकाला विभागाच्या प्रायोगिक वृत्तपत्रासाठी एक शोधबातमी द्यायची आहे. ते वृत्तपत्र हिंदीत निघते, पण तीच बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकासाठी मराठीतही लिहायची आहे. माझा धाकटा भाऊ ज्या खासगी शाळेत सातवीत आहे आणि जिथून मी स्वतः बारावी झाले, तिथे पुस्तके, वह्या आणि गणवेश एकाच दुकानातून घ्यावे लागतात. मी बारा पालकांशी बोलले, दुकानात जाऊन आले आणि एका पालकांच्या बिलाचा फोटो मिळवला. तो माझ्या मसुद्यासह सोबत पाठवत आहे. दुकानदार मला म्हणाला, ‘स्कूल वालों से अपनी बात है.’ माझी सुरुवात अशी आहे : ‘शिक्षणाच्या पवित्र मंदिरात लुटीचा बाजार! शहरातील एका नामांकित शाळेने दुकानदाराशी साटेलोटे करून पालकांना राजरोस लुटण्याचा धंदा मांडला असल्याचे सूत्रांकडून समजते.’ सरांनी कॉपी परत केली आणि वर लिहिले, ‘ही बातमी नाही, तक्रार आहे.’ माझे नेमके काय चुकले? गेटवरच्या रखवालदाराला प्राचार्यांना भेटायचे आहे असे सांगून मी परत आले; शाळा बोलायलाच तयार नाही, तेव्हा काय करावे? आणि भाऊ त्याच शाळेत असताना बातमीवर माझे नाव द्यावे का? — एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तुमच्या सरांचा शेरा बरोबर आहे, पण अपुरा आहे. बहुतेक शोधबातम्या तक्रारीतूनच जन्माला येतात, त्यामुळे तक्रार असणे हा दोष नव्हे; दोष हा की तुम्ही तक्रारीलाच निष्कर्ष मानून लिहायला बसलात. तुमच्या सुरुवातीतील शब्द एकेक करून पाहा. ‘पवित्र मंदिर’ ही सजावट आहे, ती काढली तर काहीही बिघडत नाही. ‘सूत्रांकडून समजते’ हे तर खरेही नाही, कारण तुमची माहिती बारा पालकांनी आणि एका दुकानदाराने दिली आहे आणि ही माणसे तुम्हाला ठाऊक आहेत. जिथे माणसे मोजता येतात तिथे ‘सूत्रे’ लिहिणे म्हणजे वाचकापासून आकडा लपवणे होय. राहिले ‘साटेलोटे’ आणि ‘लूट’. या दोन शब्दांत मिळून चार दावे आहेत : पालकांवर सक्ती होते, शाळा आणि दुकान यांच्यात काही व्यवहार ठरलेला आहे, बाजारभावापेक्षा जास्त पैसे घेतले जातात आणि हे सर्व जाणूनबुजून चालते. तुमच्या वहीत आज जे आहे त्यावर यांपैकी पहिला दावा जेमतेम अर्धा उभा राहतो. बाकीचे तीन तुम्हाला खरे वाटतात, एवढेच.

म्हणून पहिले काम लिहिण्याचे नाही. संशय इतका लहान करायचा की तो तपासता आला पाहिजे, आणि तपासाअंती तो खोटा ठरण्याचीही वाट मोकळी राहिली पाहिजे. ‘शाळा लुटते का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कागदावर सापडणार नाही. त्याऐवजी असे विचारा : ‘या शाळेच्या सातवीच्या यादीतील पुस्तके शहरात दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात का, आणि मिळत नसतील तर का?’ या प्रश्नाचे उत्तर चालत जाऊन, विचारून, पाहून मिळू शकते आणि ते ‘हो, सगळीकडे मिळतात’ असेही येऊ शकते. तसे आले तर तुमची बातमी पडली, हे शांतपणे स्वीकारावे लागेल. पडलेल्या बातम्यांचा हिशेब वाचकाला कधी दिसत नाही, पण चांगल्या बातमीदाराच्या कपाटात छापलेल्यांपेक्षा त्याच अधिक असतात.

प्रश्न ठरला की त्या विषयावरचा नियम मूळ शब्दांत वाचावा, कारण अन्यायकारक वाटणारी प्रत्येक गोष्ट बेकायदा नसते आणि वाचकाला हा फरक सांगणे तुमचे काम आहे. तुमच्या विषयावर राज्याचा कायदाच आहे : ‘मध्य प्रदेश निजी विद्यालय (फीस तथा संबंधित विषयों का विनियमन) अधिनियम, २०१७’ आणि त्याखालचे २०२० चे नियम. पुस्तकांची यादी शाळेने जाहीर करावी, ठरावीक दुकानातूनच खरेदी करण्याची सक्ती करू नये आणि गणवेश बदलल्यास तो पुढील तीन सत्रे बदलू नये, अशा तरतुदी त्यात आहेत. तक्रारींची दखल घेण्यासाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीची व्यवस्था आहे. आता ‘सक्ती’ या शब्दापाशी थांबा. शाळेने लेखी सूचना काढली असेल, वर्गशिक्षिकेने पालकांच्या ग्रुपवर दुकानाचे नाव टाकले असेल, किंवा यादीवर दुकानाचा पत्ता छापलेला असेल, तर तुमच्याकडे पुरावा आहे. यांपैकी काहीच नसेल आणि तरीही पालक त्याच दुकानात जात असतील, तर त्याचे कारण पुस्तके अन्यत्र न मिळणे हे असू शकते, किंवा एकाच ठिकाणी सगळा संच मिळण्याची सोय हेही असू शकते. ही दोन्ही कारणे दिसायला सारखी आहेत आणि बातमीच्या दृष्टीने अगदी वेगळी आहेत.

बिलाकडे येतो, कारण तुमच्याजवळच्या सामग्रीत सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे आणि तुम्ही तिचा बातमीत ‘बिल उपलब्ध आहे’ एवढाच उपयोग केला आहे. मी ते बिल मोठे करून दोनदा वाचले. त्यावर ‘क्लास ७ सेट’ अशी एकच ओळ आहे आणि पुढे ठोक रक्कम आहे. कोणते पुस्तक कितीचे, वह्या किती, कव्हरचे पैसे किती, याचा पत्ता नाही. संच फोडून मिळतो की नाही, हा प्रश्न या एका ओळीतूनच निघतो. तेव्हा साध्या गिऱ्हाइकासारखे दुकानात जा, वह्या नकोत, फक्त गणिताचे आणि विज्ञानाचे पुस्तक द्या म्हणून मागा, आणि काय उत्तर मिळाले ते बाहेर येताच तारीख-वेळेसह लिहून ठेवा. बिलाच्या माथ्यावर पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे. त्यातील पहिले २३ हे मध्य प्रदेशचे सांकेतिक अंक. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि ते एका मालकाचे आहे, भागीदारीचे आहे की कंपनीचे, हे कोणालाही पाहता येते. पाटीवरचे नाव आणि कायदेशीर नाव पुष्कळदा वेगळे असते, आणि पुढची वाट तिथूनच फुटते.

त्यानंतर भावाचे दप्तर उघडा. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि छापील किंमत असते. किमतीवर चिकटपट्टी लावलेली आहे का, हे बोट फिरवले तरी कळते. पट्टी खरवडू नका, आधी तिचा फोटो काढा. ते क्रमांक कागदावर उतरवून खजुरी बाजारात जा आणि पाच-सहा पुस्तक विक्रेत्यांकडे एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारा. ‘नहीं आती’ आणि ‘हमें नहीं देते’ ही दोन उत्तरे एक नव्हेत, हे ध्यानात ठेवा. पहिल्याचा अर्थ मागणी नसणे असा होऊ शकतो. दुसऱ्यात प्रकाशक किंवा वितरक माल अडवतो असा दावा आहे, आणि तो ज्याने केला त्याला ‘कोण देत नाही, कधी मागितले होते, काही लेखी आहे का’ हे लगेच विचारले पाहिजे. एनसीईआरटीचीच पुस्तके यादीत असतील तर ती बहुधा इतर दुकानांतही मिळतील आणि तुमचा अर्धा संशय तिथेच मिटेल. खासगी प्रकाशकांची किती आणि एनसीईआरटीची किती, हा साधा हिशेबदेखील तुमच्या पहिल्या मसुद्यात नाही.

साटेलोट्याचा दावा करायचाच असेल, तर त्याला दोन याद्या लागतात. शाळा चालवणारी संस्था बहुधा ‘मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३’ खाली नोंदलेली असेल, आणि तिच्या संचालक मंडळाची यादी निबंधकांच्या कार्यालयात असते. शाळा सीबीएसईशी संलग्न असेल तर तिने आपल्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ या शीर्षकाखाली संस्थेचे नोंदणीपत्र, शुल्काचा तपशील आणि इतर कागद ठेवणे बंधनकारक आहे. ही एक यादी, आणि जीएसटीवरून मिळालेली दुकानाच्या मालकांची दुसरी. दोन याद्या शेजारी ठेवून वाचणे हीच या धंद्यातली जुनी आणि सर्वांत भरवशाची रीत आहे. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून जे प्रकरण बाहेर काढले त्याचे बळ विशेषणांत नव्हते, कोणाला सरकारी वाटपातले सिमेंट मिळाले आणि कोणी प्रतिष्ठानांना देणगी दिली, या नोंदी एकमेकींना जोडून वाचण्यात ते होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांनी राजीनामा दिला. आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर व्यापमचे, म्हणजे मध्य प्रदेशच्या परीक्षा मंडळातील घोटाळ्याचे घ्या. जुलै २०१३ मध्ये इंदूर पोलिसांनी तोतये परीक्षार्थी पकडल्यावर त्या प्रकरणाला तोंड फुटले आणि जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. त्यातली ‘इंजिन-बोगी’ नावाची युक्ती, म्हणजे हुशार मुलाच्या मागे-पुढे पैसे दिलेले उमेदवार बसतील असे रोल नंबर लावणे, ही बैठकीच्या यादीतच लिहिलेली होती. कोणीतरी ती यादी त्या नजरेने वाचण्याचाच अवकाश होता.

मात्र नावे जुळली म्हणजे माणसे जुळली असे नव्हे, आणि इथे मी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी इंदूरच्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर असताना कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानाविषयीची एक कॉपी माझ्या हातून छापायला गेली. परवान्यावरचे नाव आणि वॉर्डातील एका पुढाऱ्याच्या मेहुण्याचे नाव एकच होते. वार्ताहराने दोघे एक मानले आणि मीही मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध पेन्शनर घडी केलेले वर्तमानपत्र मांडीवर ठेवून कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलेले होते. परवाना त्यांचा होता आणि त्या पुढाऱ्याशी त्यांचा दूरचाही संबंध नव्हता. वडिलांचे नाव दोन्ही कागदांवर होते, ते वेगवेगळे होते, आणि आम्ही ते वाचलेच नव्हते. आडनावावरून नाते जोडण्याचा मोह तुम्हालाही होईल, कारण या शहरात एका गल्लीत चार जोशी आणि सहा जैन सहज सापडतात. वडिलांचे नाव, पत्ता, सही, यांपैकी किमान दोन गोष्टी जुळेपर्यंत ‘तोच’ हा शब्द वहीतसुद्धा लिहू नये.

तुमचे बारा पालक कुठून आले, हेही तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा ते पालकांच्या एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमधील असावेत, आणि तसे असेल तर त्या ग्रुपात चिडलेले पालकच बोलतात, ही गोष्ट बातमीला एकांगी करते. वेगवेगळ्या इयत्तांतील पालक घ्या, शाळा सुटताना गेटवर भेटणारे घ्या, ज्यांची काहीच तक्रार नाही असेही घ्या, आणि सर्वांना तेच चार प्रश्न त्याच क्रमाने विचारा. ‘तुम्हाला त्या दुकानात जायला कोणी सांगितले?’ हा प्रश्न ‘तुमच्यावर सक्ती होते ना?’ या प्रश्नापेक्षा कितीतरी चांगला, कारण दुसऱ्यात उत्तर आधीच भरलेले आहे. वहीत प्रत्येक उत्तरापुढे त्या माणसाने ते स्वतः पाहिले, कागदावर वाचले की कोणाकडून ऐकले, याची खूण करा. लिहायला बसाल तेव्हा या खुणाच तुमच्या कामी येतील. शिवाय एकाच शाळेवर न थांबता त्याच भागातील आणखी तीन-चार शाळांच्या याद्या मिळवा. सर्वत्र हेच चालत असेल तर बातमी मोठी होते, आणि फक्त इथेच चालत असेल तर ती टोकदार होते.

माहितीच्या अधिकाराचा विचार तुमच्या पत्रात कुठेही दिसला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. खासगी शाळेकडे थेट अर्ज केल्यास ती बहुधा ‘आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही’ म्हणून हात वर करील. परंतु २००५ च्या अधिनियमातील ‘माहिती’च्या व्याख्येत, सरकारी कार्यालयाला दुसऱ्या एखाद्या कायद्याने खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तिचाही समावेश आहे, म्हणून अर्ज जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील लोक सूचना अधिकाऱ्यांच्या नावे करावा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. अर्ज मराठीत चालणार नाही. हिंदीत किंवा इंग्रजीत करावा लागेल. त्यात ‘कारवाई का केली नाही?’ असे विचारू नये, कारण अधिकाऱ्याने दप्तरी असलेले कागद द्यायचे असतात, तुमच्याशी वाद घालायचा नसतो. मागील दोन सत्रांत पुस्तके आणि गणवेश यांच्या सक्तीबाबत आलेल्या तक्रारींची नोंदवही, त्यांवरील टिपणे आणि शाळांना पाठवलेल्या नोटिसांच्या प्रती, असे कागदाचे नाव घेऊन मागावे. तक्रारदारांची नावे मागू नका. ती तुम्हाला नकोच आहेत, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल केल्यापासून वैयक्तिक माहितीच्या कारणावरून सबंध अर्जच नाकारला जाण्याची भीती वाढली आहे. उत्तर आले नाही तर पहिले अपील करता येते, पण त्यात महिने जातात. सीबीएसईच्या शाळांचे सत्र एप्रिलमध्ये उघडते, म्हणून हा अर्ज उशिरात उशिरा फेब्रुवारीत गेला पाहिजे.

तुमचा दुसरा प्रश्न शाळा न बोलण्याचा. तुम्ही गेटवरच्या रखवालदाराला ‘प्राचार्यांना भेटायचे आहे’ असे सांगितले आणि परत आलात, याला शाळा बोलायला तयार नसणे म्हणत नाहीत. आपल्याकडच्या हिंदी वार्ताहरांत ‘वर्जन लेना’, म्हणजे समोरच्याचे म्हणणे घेणे, असा शब्दप्रयोग आहे, आणि त्याची वाईट खोड अशी की ते काम सर्वांत शेवटी, संध्याकाळी सात वाजता, एक फोन करून उरकले जाते. समोरच्याचे म्हणणे हा बातमीचा शेपटीकडचा भाग मानू नये. पुष्कळदा त्यातूनच आपली चूक कळते. प्राचार्य आणि संस्थेचे सचिव या दोघांना लेखी प्रश्न पाठवा, ईमेलनेही आणि पोच घेऊन हातानेही. प्रश्न ठोस असावेत : यादी कोणत्या तारखेला जाहीर केली, पुस्तकांची निवड कोण करते, ‘अमुक दुकानातूनच घ्या’ अशी सूचना दिली आहे का, दुकानाच्या मालकांपैकी कोणाचा संस्थेशी संबंध आहे का. किमान चार-पाच कामाचे दिवस द्या. दुकानदारालाही असेच विचारा, कारण आरोप त्याच्यावरही आहे. उत्तर आलेच नाही तर ‘शाळेने तोंड लपवले’ असे न लिहिता, अमुक तारखेला प्रश्न पाठवले, अमुक तारखेला स्मरणपत्र दिले, बातमी छापायला जाईपर्यंत उत्तर आले नाही, एवढेच लिहा. या कोरड्या वाक्याचा वाचकावर जो परिणाम होतो तो तुमच्या कोणत्याही विशेषणाने होणार नाही.

दुकानदाराचे वाक्य घेऊन तुम्ही मराठीत ‘साटेलोटे’ लिहिले, त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ही अडचण खास आपल्या इंदूरकरांची आहे. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो, आणि मुलाखत हिंदीत घेऊन ती मनातल्या मनात मराठीत उतरवतो. या शहराने राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी घरातला संपादक हिंदी पत्रकारितेला दिला, तेव्हा ही ये-जा जुनीच आहे. परंतु ‘स्कूल वालों से अपनी बात है’ या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. आमची ओळख आहे. आमचे यादीविषयी बोलणे झालेले आहे. आमचे देण्याघेण्याचे ठरलेले आहे. बोलणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ होता हे तुम्ही त्याच क्षणी ‘बात है मतलब?’ असे विचारायला हवे होते, आणि ते राहिले असेल तर परत जाऊन विचारायला हवे. तोपर्यंत मराठी मसुद्यातही ते वाक्य अवतरणचिन्हांत मूळ हिंदीतच ठेवा. आपल्या वाचकांना ते कळते. भाषांतर करताना अर्थ अधिक पक्का करणे म्हणजे त्या माणसाच्या तोंडी आपला आरोप घालणे होय.

हे उत्तर काढण्यासाठी खिशात मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू ठेवून जावे का, असे तुमच्या मनात आले असेल. विद्यार्थ्यांनी त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. गिऱ्हाईक म्हणून पुस्तक मागणे ही फसवणूक नाही, कारण दुकान सर्वांसाठी उघडे आहे. पण शिक्षण खात्यातून आले आहे असे सांगणे हा सरळ गुन्हा आहे, आणि चोरून केलेल्या चित्रणाने माणूस उघडा पडतो पण गोष्ट सिद्ध होतेच असे नाही. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची विक्री होते हे दाखवण्यासाठी एक स्त्री स्वतः विकत घेतली, बातमी देशभर गाजली, आणि त्या स्त्रीचे पुढे काय, हा प्रश्न मराठी रंगभूमीवरूनही विचारला गेला. साध्या मार्गाने मिळणारी माहिती आडमार्गाने मिळवू नये, हा दंडक त्यामुळेच आहे, आणि तुमच्या विषयातली जवळजवळ सर्व माहिती साध्या मार्गाने मिळते.

एवढे झाल्यावर लिहायला बसा. पहिल्या परिच्छेदात तुमचा सर्वांत पक्का शोध सांगा, सर्वांत धक्कादायक नव्हे. समजा, तुमच्या तपासात असे निघाले (आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत), तर सुरुवात अशी होऊ शकेल : ‘सातवीच्या यादीतील अकरा पुस्तकांपैकी आठ पुस्तके खजुरी बाजारातील सहा दुकानांत मागितली असता एकाही ठिकाणी मिळाली नाहीत, ती सर्व शाळेपासून जवळच असलेल्या एका दुकानात उपलब्ध होती आणि तिथे ती सुटी देण्यास नकार मिळाला.’ यात ‘लूट’ नाही, ‘राजरोस’ नाही, आणि प्रत्येक तुकड्यामागे तुमचे पाहिलेले, मोजलेले काही आहे. दुसऱ्या परिच्छेदात नियम काय म्हणतो ते, तिसऱ्यात शाळेचे म्हणणे. ते शेवटच्या ओळीत ढकलू नका. पालकांचे अनुभव त्यानंतर यावेत, आणि बारांपैकी दोघांनाच पुरेसे स्थान द्यावे. एकासारखी एक अशी बारा गाऱ्हाणी कोणी वाचत नाही. जे सापडले नाही तेही लिहा. शाळा आणि दुकान यांच्यात पैशाचा व्यवहार असल्याचा कागद मिळाला नसेल, तर ‘असा कागद या तपासात मिळाला नाही’ हे वाक्य बातमीत असलेच पाहिजे.

कायद्याचे एक वाक्य सांगून ठेवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीच्या आरोपाला जो पहिला अपवाद आहे, त्यात गोष्ट खरी असणे आणि ती सांगणे लोकहिताचे असणे या दोन्ही अटी आहेत; म्हणून ‘मला ठाऊक आहे’ हे पुरत नाही, ‘माझ्याकडे आहे’ असे म्हणता आले पाहिजे. मुलांची नावे, फोटो, वर्गाची तुकडी काहीही देऊ नये.

आता बायलाइनचे, म्हणजे बातमीवरच्या नावाचे. भाऊ त्या शाळेत आहे आणि तुम्ही तिथल्या माजी विद्यार्थिनी आहात, ही गोष्ट सरांना आजच सांगा. पत्रावरून ती त्यांना ठाऊक आहे असे वाटत नाही. दोन मार्ग आहेत. एक, ही शाळा सहाध्यायी विद्यार्थ्याकडे सोपवून तुम्ही बाकीच्या शाळा पाहाव्यात आणि बातमीवर दोघांची नावे असावीत. दुसरा, नाव एकट्या तुमचेच असावे आणि खाली एका ओळीत हा संबंध स्पष्ट छापावा. मला पहिला अधिक बरा वाटतो, त्यात भावाची काळजीही थोडी कमी होते. निनावी छापण्याचा तिसरा मार्ग मी सुचवणार नाही. इतरांची नावे मागणाऱ्याने स्वतःचे झाकणे शोभत नाही, आणि शाळेत तर ते दोन दिवसांत कळेलच. घरी आई-वडिलांशी मात्र आधी बोला, कारण शाळेच्या पालकसभेत तुम्ही नाही, त्यांना बसावे लागणार आहे.

आणि एक गोष्ट तातडीची. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात त्या पालकांचा मोबाइल क्रमांक वाचता येतो, आणि खाली बिल क्रमांक आहे, ज्यावरून दुकानदाराला ते कोणाचे हे एका मिनिटात शोधता येईल. सरांना दाखवलेल्या प्रतीतही तो असणार. दोन्ही ठिकाणी काळी पट्टी लावून नवी प्रत करा, मूळ फोटो कोणालाही पुढे पाठवू नका, आणि ज्यांचे बिल आहे त्यांना ते छापले तर चालेल का, हे आता तरी विचारा. माझ्याकडे आलेली प्रत मी पुसून टाकली आहे.